रील नाही, तरी ट्राऊट: टेनकारा समजून घेऊया (लेखी भाग)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना येणारे "अं" आणि "म्हणजे" कमी केलेत, बाकी मजकूर तोच आहे.

मागे आपण बॅकपॅकचं वजन कसं कमी करायचं यावर बोललो होतो. त्यात मी ओझरतं म्हणाले होते, की माझ्या बॅगेत तंबू आणि स्टोव्हबरोबर मासे पकडायची एक काठीही असते आणि ती माझ्या मोबाइलपेक्षा हलकी आहे. त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज त्या एका वाक्यावर आले. कसली काठी? रील कुठे असतं? पकडलेला मासा खाता का?

तर आजचा विषय टेनकारा. आधीच सांगते, या भागातून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: टेनकारात दोरीची लांबी ठरलेली असते. ती वाढवता येत नाही. वजन कमी होणं, माशाच्या जवळ जायला शिकणं, आणि जवळ गेल्यावर येणारी जबाबदारी हे सगळं या एका मर्यादेतून येतं.

(०१:३०) टेनकारा म्हणजे नेमकं काय?

कोकणातल्या लोकांना अर्धं उत्तर आधीच माहीत आहे. खाडीच्या कडेला बांबूची काठी, टोकाला दोरी, दोरीला गरी. रील नाही. दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली. टेनकाराची रचना अशीच आहे.

फरक तीन. पहिला, इथे आमिष म्हणून गांडूळ किंवा कोळंबी नसते. हुकावर दोरा आणि पीस गुंडाळून केलेला खोटा किडा असतो, त्याला फ्लाय म्हणतात. दुसरा, हे डोंगरातल्या वाहत्या, थंड पाण्यासाठी आहे. आणि तिसरा, इथे गरी टाकून बसून राहायचं नसतं. एका जागी पाच-सात वेळा टाकायचं आणि पुढच्या दगडाकडे सरकायचं.

रॉड आता कार्बन फायबरचे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. मिटवला की साधारण अर्धा मीटर, उघडला की ३.३ ते ४.५ मीटर. वजन बहुतेक ७० ते १०० ग्रॅम.

(०३:००) जपानच्या डोंगरातून

टेनकारा जपानचा, मुख्यतः होन्शू बेटावरच्या डोंगराळ भागातला. तिथल्या ओढ्यांमध्ये यामामे, अमागो आणि इवाना हे ट्राऊटच्याच कुळातले मासे असतात. डोंगरातले काही लोक हे मासे पकडून गावात आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या खानावळींना विकायचे. त्यांच्यासाठी हा छंद नव्हता, रोजीरोटी होती. त्यामुळे सामान स्वस्त, दुरुस्त करता येईल असं आणि चढ-उतारावर हातात मावेल असं हवं. बांबूची काठी, घोड्याच्या केसांची वळलेली दोरी आणि घरी केलेला हुक. बस.

या हुकाला जपानीत केबारी म्हणतात. "के" म्हणजे केस किंवा पीस आणि "हारी" म्हणजे हुक. सगळ्यात ओळखीचा प्रकार साकासा केबारी. साकासा म्हणजे उलटा. नेहमीच्या फ्लायचं पीस मागे झुकलेलं असतं, याचं पुढे. रॉडचं टोक हलकेच हलवलं की पाण्यात ते पीस मिटतं, उघडतं. मेलेला दोरा अचानक जिवंत वाटायला लागतो.

जपानबाहेर हे सगळं पसरलं ते २००९ नंतर. त्या वर्षी डॅनियल गल्हार्डो यांनी अमेरिकेत टेनकारा यूएसए ही कंपनी सुरू केली. पुढे २०१४ मध्ये पॅटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी दोन सहलेखकांबरोबर साध्या फ्लाय फिशिंगवर पुस्तक काढलं आणि त्यात टेनकाराला मोठी जागा दिली. तोपर्यंत लांब पल्ल्याच्या ट्रेकर्सच्या हे लक्षात आलं होतं, की बॅगेच्या कडेच्या खिशात मावणारा फ्लाय रॉड हाच आहे.

(०५:१०) रील काढल्यावर काय मिळतं?

पहिला प्रश्न हाच येतो. रील काढलं म्हणजे एक सोय कमी झाली ना? झाली. पण त्या बदल्यात काय मिळतं ते बघा.

ओढ्याचं पाणी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. मधली धार जोरात, दगडामागे संथ. समजा मासा पलीकडच्या दगडामागच्या संथ पाण्यात आहे. पाश्चात्त्य फ्लाय फिशिंगमध्ये लाइन जाड आणि जड असते, कारण फ्लायला वजन नसतं आणि लाइनच्या वजनावरच ती फेकली जाते. ही जाड लाइन मधल्या धारेवर पडते, धार तिला ओढते आणि तिच्यामागे फ्लाय फरफटत जाते. खरा किडा असा जात नाही. तो पाण्याच्या वेगाने वाहतो. ट्राऊटला हा फरक लगेच कळतो आणि तो तोंड फिरवतो.

टेनकारात रॉड लांब आणि दोरी हलकी. फ्लाय पलीकडे टाकायची आणि रॉड उंच धरायचा. दोरी हवेतच राहते. पाण्याला टेकते ती फक्त फ्लाय आणि तिच्यामागचा थोडा बारीक धागा. मधल्या धारेला ओढायला काही मिळतच नाही. छोट्या, खडकाळ ओढ्यांमध्ये टेनकारा इतका का चालतो, याचं कारण हे एवढंच आहे.

किंमत काय मोजायची? पल्ला. रॉड ३.६ मीटर, दोरी तेवढीच, पुढे मीटरभर धागा. म्हणजे जास्तीत जास्त सात-आठ मीटर. एका एसटी बसच्या लांबीपेक्षा कमी. मोठी नदी, खोल तलावाचा मध्य, जोरदार वारा, यात टेनकारा कमी पडतो. तिथे रीलवालेच जिंकणार.

(०७:४०) बॅगेत काय असतं?

सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आत बसतं:

– रॉड. सुरुवातीला ३.६ मीटरचा बरा.
– लाइन. फ्लोरोकार्बनची, साडेतीन किंवा चार नंबरची, भडक केशरी किंवा गुलाबी. रंग माशासाठी नाही, तुम्हाला दिसावी म्हणून.
– टिपेट. लाइन आणि फ्लाय यांच्या मधला पारदर्शक, बारीक धागा. ५एक्स म्हणजे जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर.
– सात-आठ केबारी, एका छोट्या डबीत.
– धागा कापायला नेलकटर आणि हुक काढायला छोटा चिमटा.

रॉडच्या टोकाला विणलेल्या दोरीचा एक छोटा तुकडा असतो, त्याला लिलियन म्हणतात. लाइन त्याला सरकत्या गाठीने बांधायची.

टिपेटबद्दल एक गोष्ट नीट ऐका. "मोठा मासा लागला तर तुटायला नको" म्हणून लोक जाड टिपेट लावतात. करू नका. टिपेट म्हणजे घरातला फ्यूज. ताण जास्त झाला तर सगळ्यात आधी तुटायला हवी ती तीच. ती तुटली नाही तर रॉड तुटतो आणि मग गाडीपासून तीन दिवस लांब तुमच्याकडे फक्त एक महागडी नळी उरते.

रॉड उघडताना टोकाकडून सुरुवात करायची, एकेक भाग सरळ ओढायचा. मिटवताना प्रत्येक भाग त्याच्या बुडाजवळ धरून सरळ खाली दाबायचा. तिरका जोर लावला की टोकाचा भाग मोडतो.

(१०:०५) पाणी वाचणं आणि जवळ जाणं

पल्ला सात मीटर म्हटल्यावर माशाच्या सात मीटर जवळ जावंच लागतं. तेही त्याला न कळता.

ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, कारण खाणं तिकडून वाहत येतं. जोरदार धारेत उभं राहायला ताकद जाते, संथ पाण्यात खाणं कमी येतं. म्हणून तो दोन्हींच्या सीमेवर थांबतो. स्वतः संथ पाण्यात आणि नजर शेजारच्या धारेवर. दगडाच्या मागे, कधी दगडाच्या पुढे, छोट्या धबधब्याच्या पायथ्याशी, पोखरलेल्या काठाखाली. अशा जागा दिसायला लागल्या की पन्नास मीटरच्या ओढ्यात दहा ठिकाणं सापडतात.

तोंड वरच्या दिशेला, म्हणजे नेमकं पाठीमागे त्याला दिसत नाही. म्हणून आपण खालच्या अंगाने वर सरकायचं.

आता थोडं बारावीचं फिजिक्स. पाण्यातून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका शंकूतून दिसतं, कारण पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. डोक्यावरचं मोठं आणि स्पष्ट, क्षितिजाजवळचं मात्र चेपून कडेला गेलेलं. याचा उपयोग सरळ आहे: वाका, गुडघ्यावर बसा. उभा माणूस त्याच्या खिडकीत येतो, वाकलेला माणूस कडेच्या पट्टीत जातो. आणि पाय आपटू नका, काठावरचा धक्का पाण्यात पोचतो.

(१२:३०) टाकायचं कसं आणि लागला तर काय?

खांद्याजवळ घड्याळाचा मध्य आहे असं समजा. तर्जनी रॉडच्या मुठीवर, कोपर अंगाजवळ. रॉड १० वर. झटकन १२ वर आणा आणि थांबा. लाइन मागे सरळ होईपर्यंत क्षणभर वाट बघा. मग पुन्हा १० वर आणा आणि थांबा. ताकद मनगटाची, तीही थोडीच. नवीन माणूस हमखास १२ च्या मागे जातो आणि फ्लाय झुडपात अडकते. म्हणून टाकण्याआधी एकदा मागे आणि वर बघायची सवय लावून घ्या.

फ्लाय धारेच्या कडेला पडली की रॉडचं टोक तिच्याबरोबर फिरवत न्या. लाइन थबकली किंवा दिशा बदलली की मनगट हलकेच वर उचला.

मासा लागला की रॉड उभा ठेवा. रॉडचा बाकच माशाचा जोर पचवतो. मासा दूर पळाला तर दोरी सोडायची सोय नाही, म्हणून त्याच्याबरोबर दोन पावलं आपणच चालायचं. दमला की रॉड मागे झुकवायचा, दुसऱ्या हाताने लाइन पकडायची आणि त्याला जवळ घ्यायचं. लांब खेळवण्यात काही शौर्य नाही. जितका वेळ जास्त, तितकी सोडल्यावर जगण्याची शक्यता कमी.

(१४:४५) सिएरा नेवाडात: भूक, वीज, पाणी

मी बे एरियात राहते, त्यामुळे उदाहरण कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाचं देते. आपल्याकडून इथे आलेले बरेच जण योसेमिटीला जातात. तिथून निघणारा जॉन म्युअर ट्रेल साधारण ३४० किलोमीटर चालून ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीवर संपतो. वाटेत ओढे आणि तलाव भरपूर.

सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही इथे मासेमारीचा राज्याचा परवाना लागतो. एक, दोन किंवा दहा दिवसांचा परवानाही मिळतो. जंगलात राहायचं परमिट वेगळं. दोन्ही आधी काढा.

आता जेवणाचं. "मासे मिळतीलच, मग रेशन कमी नेऊ" हा हिशेब करू नका. उंचावरच्या ओढ्यात २० सेंटिमीटरचा ट्राऊट बराच बरा समजला जातो. त्याचं वजन शंभरेक ग्रॅम, खाण्याजोगा भाग निम्मा. १०० ग्रॅम मांसात १२० ते १५० कॅलरी धरल्या, तर एका माशातून मिळतात साधारण ६० ते ७५. म्हणजे एक पोळीसुद्धा नाही! आणि बॅग घेऊन दिवसभर चढणाऱ्याला ३,००० च्या वर लागतात. मासा ही चव आहे, रेशन नाही. शिवाय इथे काळी अस्वलं आहेत. बऱ्याच भागात खाणं जाड प्लॅस्टिकच्या बेअर कॅनिस्टरमध्ये ठेवणं सक्तीचं आहे. मासा शिजवायचा तर तंबूपासून लांब, आणि आतडी कुठे टाकायची ते परमिट घेताना रेंजरला विचारून घ्या. जागेप्रमाणे नियम बदलतात.

वीज. कार्बन फायबर विजेचा वाहक आहे आणि तुम्ही उघड्या काठावर चार मीटर उंच वाहक हातात धरून उभे असता. जुलै-ऑगस्टमध्ये सिएरात दुपारी ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की रॉड मिटवायचा, पाण्यापासून दूर व्हायचं. "शेवटचं एकदा टाकतो" नाही.

पाणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळून ओढे फुगतात. सकाळी पाणी कमी, दुपारनंतर वाढतं. पलीकडचा दगड कितीही छान दिसला तरी जोरदार पाण्यात गुडघ्याच्या वर उतरू नका.

(१८:१०) सोडायचा असेल तर नीट सोडा

हुकाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, तो चिमट्याने दाबून सपाट करा. हुक सहज निघतो. हात आधी पाण्यात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याला रोगांपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने निघतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवा. फोटो हवा तर फोन आधी तयार ठेवा, मासा दोन-तीन सेकंदच वर घ्या. पोट दाबू नका, कल्ल्यात बोट घालू नका.

आणि तापमान. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो. साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर रॉड बंद. अशा पाण्यात दमलेला मासा पोहत जाताना दिसतो, पण नंतर मरू शकतो.

(१९:५०) जिथे गळ टाकायचा नाही

सिएरातल्या उंचावरच्या बहुतेक तलावांमध्ये मुळात मासेच नव्हते. हिमनद्यांनी कोरलेले तलाव, खाली धबधबे, मासा वर चढणार कसा? दीडशे वर्षांच्या आत माणसांनी ते तिथे नेले. आधी खेचरांवर लादून, पुढे विमानातून सोडून. ब्रुक ट्राऊट अमेरिकेच्या पूर्व भागातला, ब्राऊन ट्राऊट युरोपातला. गोल्डन ट्राऊट, जो कॅलिफोर्नियाचा राज्य-मासा आहे, तो मूळचा फक्त कर्न नदीच्या वरच्या खोऱ्यातला.

ज्यांना मासा माहीतच नव्हता, त्यांचं काय झालं? इथे पिवळ्या पायांचा एक डोंगरी बेडूक आहे. त्याची पिल्लं मोठी व्हायला दोन-तीन वर्षं, कधी जास्तही घेतात. तेवढे हिवाळे काढायचे तर तळापर्यंत न गोठणारा खोल तलाव हवा. ट्राऊटलाही नेमका तोच तलाव हवा. ट्राऊटनी पिल्लं खाल्ली, वर कायट्रिड बुरशीचा रोग आला आणि बेडूक बहुतेक ठिकाणांहून गेले. २०१४ मध्ये अमेरिकन सरकारने सिएरातल्या या बेडकाला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं. किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्कच्या सिक्स्टी लेक बेसिनमध्ये संशोधकांनी काही तलावांतून जाळी लावून ट्राऊट काढले, आणि तिथे बेडूक पुन्हा वाढले.

टेनकारावाल्यांशी याचा थेट संबंध आहे. आपला पल्ला सात मीटर, म्हणजे तलावावर आपण काठच्या उथळ पाण्यातच उभे असतो. ही पिल्लं दिवसा ऊब घ्यायला तिथेच येतात. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी दोन मिनिटं काठ बघा. बेडूक किंवा पिल्लं दिसली तर रॉड उघडायचा नाही, पुढे चालायचं. जिवंत मासा एका तलावातून दुसऱ्यात न्यायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. आणि बूट एका खोऱ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा, कारण रोग ओल्या बुटांवरूनही प्रवास करतात.

(२३:००) तुमचे प्रश्न

"सह्याद्रीत चालेल का?" ट्राऊटसाठी नाही. त्याला वर्षभर थंड, वाहतं पाणी लागतं. आपले ओढे पावसाळ्यात बेभान आणि उन्हाळ्यात कोरडे. पावसाळी धबधब्यात तर उतरूच नका. भारतात ट्राऊट काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथे आहे, आणि सगळीकडे तो बाहेरून आणलेला आहे. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्रेकला जाणारे आपल्यातले बरेच आहेत. तिथे मत्स्य विभागाचा परवाना घ्या. हिवाळ्यात विणीच्या काळात मासेमारी बंद असते, तेही आधी विचारून घ्या.

"मी शाकाहारी आहे. पकडून सोडणं म्हणजे माशाला उगाच त्रास नाही का?" त्रास आहेच. काटा दाबला, हात ओले केले तरी सोडलेल्यांपैकी काही मासे मरतात. म्हणून मी दिवसाचा आकडा ठरवते. दोन-तीन मासे झाले की केबारी डबीत. परवाना असेल आणि ब्रुक ट्राऊट भरपूर असतील, तर एखादा खाणं मला दहा पकडून सोडण्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. फक्त ते काठावर पोचण्याआधी ठरलेलं असावं.

"सराव कुठे करू?" सोसायटीच्या मैदानात. हुक न लावता, टोकाला लोकरीचा तुकडा बांधा, सात मीटरवर एक ताट ठेवा. दहापैकी सहा वेळा ताटात पडायला लागलं की तयारी झाली. विजेच्या तारा आणि मांजाची मुलं, दोन्हींपासून लांब.

पुढच्या भागात पाणी गाळायच्या फिल्टरबद्दल बोलू. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा, आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो दर ट्रेकला बॅगेत अख्खं किचन भरतो. भेटूच!